बेसबॉलचे डॉक्टर : डॅनियल ल्यूशियस ॲडम्स

बेसबॉल हा खेळ आमच्याकडील विद्यार्थ्यांच्या पाहण्यात क्वचितच येतो. क्रिकेटने आमच्या मुलांची मने इतकी व्यापून टाकली आहेत की, चेंडू व बॅट यांचा दुसराही एखादा थोर खेळ पृथ्वीच्या पाठीवर आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र, विटीदांडूचे नियम आमच्या मुलांस जसे कोणी न शिकविता येतात, तसे बेसबॉलचे नियम तेथील मुलांस येत असतात. वाचकांच्या सोयीसाठी त्यांतील मुख्य तेवढे सांगतो. मैदानावर एक चौरस आखलेला असतो व त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. यांनाच बेस म्हणतात. एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंतचे अंतर नव्वद फूट. प्रत्येक बाजूस नऊ गडी. खेळणाऱ्याने आलेला चेंडू टोलवावा, बॅट तेथेच टाकून धावत सुटावे आणि ठाण्यामागून ठाणे गाठीत पुन्हा मूळच्या ठाण्यास परतावे, म्हणजे एक धाव झाली. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते, आणि दोन्ही बाजूंस असे नऊ नऊ डाव मिळाले म्हणजे सामना पुरा होतो.

नव्वद फूट, नऊ गडी, नऊ डाव! हे तीन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. आम्ही ज्या गृहस्थांचे चरित्र येथे सांगणार आहोत, त्यांचा या तिन्ही आकड्यांशी फार निकटचा संबंध आहे. आणि त्या संबंधाचे श्रेय त्यांच्या पदरात पडले नाही, ही हकीगतही सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे व्हावयाचे नाही.

डॅनियल ल्यूशियस ॲडम्स यांचा जन्म १८१४ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या १ तारखेस न्यू हॅम्पशायर संस्थानातील माँट व्हर्नन या गावी झाला. हे संस्थान न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडते. याच प्रदेशाच्या मिशनरी मंडळाने धाडलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन उतरले होते, हे महाराष्ट्रातील मिशनांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांस स्मरत असेल. मुलाच्या वडिलांचे नावही डॅनियल ॲडम्सच होते. ते व्यवसायाने डॉक्टर. परंतु देशभर त्यांचे नाव झाले ते अंकगणितामुळे. १८०१ साली त्यांनी शाळांकरिता अंकगणिताचे एक पुस्तक प्रसिद्ध केले व ते इतके चालले की, पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतील असंख्य मुलांनी ॲडम्सचेच अंकगणित घोकले. आमच्या बालवाचकांपैकी ज्यांस गणिताच्या तासाला घाम फुटतो, त्यांनी अशा घरात वाढणाऱ्या मुलाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करून पाहावी! आम्हांस मात्र असे वाटते की, कोणतीही वस्तू नजरेच्या अंदाजाने न घेता मोजून घ्यावी, ही सवय या मुलास तेथेच जडली असावी.

तथापि मुलगा केवळ पुस्तकात डोके खुपसून बसणारा नव्हता. शिक्षणासाठी घर सोडताना तो आपली बॅट व चेंडू धाकट्या बहिणीच्या स्वाधीन करून, यांच्याशी खेळत जा, असे तिला बजावून गेला होता. १८३२ सालच्या एका पत्रात त्या चिमुरडीने मोठ्या प्रामाणिकपणे दादाला कळविले आहे की, रोज सकाळी ती गोष्ट आपण विसरूनच जातो. त्या काळी बेसबॉल हा खेळ ठरीव स्वरूपाचा नव्हता. चेंडू, दांडू व धावण्याची ठाणी असलेले नाना खेळ गावोगाव निरनिराळ्या नावांनी चालत आणि प्रत्येक गावचे नियम वेगळे असत. आमच्या विटीदांडूचेही असेच नाही काय? एका आळीचा मुलगा दुसऱ्या आळीत खेळावयास गेला की, खेळास आरंभ होण्यापूर्वी अर्धा तास नियमांवर वाद होतो.

ॲडम्स यांनी ॲमहर्स्ट कॉलेजात काही काळ घालवून पुढे येल विद्यापीठात प्रवेश केला व १८३५ साली ते तेथून पदवीधर झाले. त्यानंतर हार्वर्ड येथे वैद्यकाचा अभ्यास करून १८३८ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळविली. थोड्याच काळात ते न्यूयॉर्क शहरी आले. तेथे स्वतःचा व्यवसाय चालवीत असताना गोरगरिबांना औषधोपचार मिळावा म्हणून चाललेल्या धर्मार्थ दवाखान्यातही ते काम करीत. न्यूयॉर्क तेव्हा झपाट्याने वाढत होते. वस्ती दाट, रस्ते घाणेरडे, आणि पटकी, देवी यांसारख्या रोगांची भीती नित्याची. अशा शहरात दिवसभर रोग्यांची नाडी पाहणाऱ्या तरुण डॉक्टरास संध्याकाळी मोकळी हवा हवीशी वाटली, तर त्यात नवल ते काय? १८३९ पासून ते व त्यांच्यासारखेच काही तरुण डॉक्टर केवळ व्यायाम म्हणून बेसबॉल खेळू लागले. पुढे १८४५ च्या सप्टेंबरात निकरबॉकर बेसबॉल क्लब या नावाची मंडळी स्थापन झाली व साधारण महिन्याभरातच डॉक्टरांस सभासद होण्याचे आमंत्रण आले. त्या दिवसापासून पुढली सोळा-सतरा वर्षे या क्लबाने डॉक्टरांचा सारा रिकामा वेळ आपलासा केला.

निकरबॉकर क्लबाचे सभासद म्हणजे काही पहिलवान नव्हेत. व्यापारी, वकील, बँकेतले व विमा कचेरीतले कारकून, अशी ही साधी पोटापाण्याच्या उद्योगातली माणसे. दुपारी तीन वाजल्यानंतर ज्यांस कामातून सुटका मिळे, ती आठवड्यातून सुमारे दोनदा हडसन नदीवरच्या नावेत बसून पैलतीरी होबोकनला जात. न्यूयॉर्कमधील मोकळ्या जागा एकामागून एक घरांखाली जात होत्या. म्हणून नदीपलीकडच्या इलिशियन फील्ड्स नावाच्या रम्य मैदानाचा त्यांनी आश्रय केला होता. तेथे पोचले की अंगातील कोट काढून टाकावेत आणि चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळावे. खेळाबद्दल कोणी त्यांस पैसा देत नव्हते. उलट वर्गणी त्यांचीच, आणि नावेचे भाडेही त्यांचेच. शिस्तही त्यांनी स्वतःवर स्वतःच लादून घेतली होती. खेळताना तोंडातून अपशब्द गेल्यास सहा सेंट दंड, पंचाच्या निकालावर हुज्जत घातल्यास त्याहून अधिक, असे क्लबाचे नियम होते आणि हे दंड वहीत मांडले जात. आमच्या मैदानांवर हा नियम चालू केल्यास शाळेच्या क्रीडानिधीत चांगली भर पडेल, असे आम्हांस राहून राहून वाटते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मोठ्या संस्थांच्या आरंभीच्या काळाची चित्रे आम्ही नेहमी उत्साहाने भरलेली रंगवितो. जणू मैदान पहिल्या दिवसापासून गजबजलेले होते. होबोकनला तसे काही नव्हते. डॉक्टर कित्येकदा नदी ओलांडून जात, तो मैदानावर दोन-तीनच सभासद हजर! तेवढ्यांनी बेसबॉल कसा खेळावा? मग मुलांच्या दोघातिघांच्या खेळावर समाधान मानून ती प्रौढ माणसे व्यायाम करून परत येत. गड्यांनी खेळावयास यावे म्हणून डॉक्टरांस आपले सारे वक्तृत्व खर्च करावे लागे. रोगी पाहून थकलेला मनुष्य, दुसऱ्या कोणी न यावे अशा मैदानावर, आठवड्यामागून आठवडा जातो, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पुढील सर्व कर्तबगारीहून अधिक विचार करण्यासारखी वाटते.

१८४६ सालच्या जून महिन्याच्या १९ तारखेस निकरबॉकर क्लबाचा दुसऱ्या एका संघाशी होबोकनच्या मैदानावर सामना झाला. ठरलेल्या लेखी नियमांप्रमाणे दोन संघांत झालेला पहिला नोंदलेला सामना म्हणून त्याची प्रसिद्धी आहे. डॉक्टर ॲडम्स त्यात खेळले. त्यांच्या बाजूचा तेवीस विरुद्ध एक असा दारुण पराभव झाला! त्या वेळी एकवीस धावा आधी करील तो जिंकला असा नियम होता, आणि प्रतिपक्षाने चार डावांतच काम उरकले. ज्यांनी नियम लिहिले त्यांचाच असा धुव्वा उडावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. क्लब मोडला नाही हे विशेष. डॉक्टर त्याच वर्षी उपाध्यक्ष झाले व पुढल्या वर्षी अध्यक्ष. आणि ते पद त्यांच्याकडे नंतरही पुनःपुन्हा आले.

आता चेंडूची गोष्ट. आज दुकानात जावे, पैसे टाकावेत व चेंडू घेऊन यावे. १८४५ च्या सुमारास न्यूयॉर्कसारख्या शहरातही बेसबॉलचा चेंडू विकत मिळत नव्हता. डॉक्टरांनी सारे शहर पालथे घातले. पण हे काम अंगावर घेणारा कारागीर पैशाने मिळेना व विनवण्यांनीही मिळेना. शेवटी एक स्कॉटिश जिनगर भेटला. घोड्याची खोगिरे शिवणाऱ्या त्या मनुष्याने, चाबकाच्या वादीसाठी वापरतात तसल्या घोड्याच्या कातड्याने चेंडू कसा मढवावा, याची चांगली रीत डॉक्टरांस दाखवून दिली. मग काय! तीन-चार औंस रबराचे कातरण घ्यावे, त्याभोवती सूत घट्ट गुंडाळावे व वरून कातडे शिवावे, असा डॉक्टरांचा घरगुती कारखाना सुरू झाला. जखम शिवणारा हात चेंडू शिवू लागला. सहा-सात वर्षेपर्यंत आपल्या क्लबाचेच नव्हे, तर पाठोपाठ निघालेल्या इतर क्लबांचेही चेंडू डॉक्टर ॲडम्स स्वतःच तयार करीत. प्रतिपक्षाच्या हाती देण्याचा चेंडूही आपणच मन लावून शिवावा, हा मनाचा मोठेपणा वाचकांच्या नजरेतून सुटू नये.

बॅटींची अडचणही तीच. त्या कामातले त्यांस चेंडूइतकेही कळत नव्हते. पण कातारी नीट आकार देईपर्यंत ते त्याच्या दुकानी खेपा घालीत व स्वतःच्या देखरेखीखाली बॅटी कातून घेत. डॉक्टर स्वतः डावखुरे होते आणि त्यांचा टोला कधी कधी थेट हडसन नदीत जाऊन पडे. इतक्या खटपटीने शिवलेला चेंडू आपल्याच हाताने नदीस अर्पण करताना त्यांस आनंद होत असेल की हळहळ वाटत असेल, ते सांगणे कठीण!

या हलक्या चेंडूतूनच आणखी एक शोध निघाला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गड्याने तो कितीही जोराने फेकला तरी आतल्या ठाण्यापर्यंत पोचत नसे. म्हणून १८५० च्या आसपास डॉक्टर स्वतः मध्यंतरी उभे राहू लागले. दूरच्या गड्याकडून चेंडू घ्यावा व आतील गड्याकडे चटकन फेकावा, असे ते मधल्या दुव्याचे काम होते. या जागेस शॉर्टस्टॉप असे नाव पडले. पुढे चेंडू भारी झाले, ते दूरवर जाऊ लागले, तेव्हा दुव्याची गरज उरली नाही. पण तेवढ्याने ती जागा रद्द झाली नाही. शॉर्टस्टॉप पुढे सरकून दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यांच्या मधली खिंड राखू लागला, आणि आज चपळांतल्या चपळ गड्यास तेथे उभे करतात. ही जागा प्रथम आपणच घेतली असावी, असे डॉक्टरांचे स्वतःचे म्हणणे होते.

निकरबॉकर क्लबाच्या स्थापनेत अलेक्झांडर कार्टराइट नावाचे एक उमदे गृहस्थ पुढे होते. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची आवई उठली, तेव्हा इतर हजारोंप्रमाणे तेही पश्चिमेकडे निघाले व शेवटी हवाई बेटांवर स्थायिक झाले. तेथे त्यांनी पुष्कळ लोकोपयोगी कामे केली. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, पुढील महत्त्वाच्या बारा वर्षांत ते न्यूयॉर्कला नव्हते आणि डॉक्टर ॲडम्स होते.

क्लब वाढत चालले तसा नियमांचा घोळही वाढला. निकरबॉकर क्लबाच्या मूळच्या नियमांत मैदानाचे माप पावलांत दिलेले होते : मूळ ठाण्यापासून दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे चौरसाच्या कर्णावर, बेचाळीस पावले. आता पाऊल कोणाचे? उंच मनुष्याचे की ठेंगण्याचे? आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. पाऊल तीन फुटांचे धरले तर कर्ण १२६ फूट होतो व चौरसाची बाजू सुमारे ८९ फूट भरते. तेच पाऊल अडीच फुटांचे धरा. बाजू ७४ फुटांवर येते. एका पावलाच्या फरकाने धावणाऱ्याचे अंतर पंधरा फुटांनी कमी-जास्त! १८५७ सालच्या जानेवारीत न्यूयॉर्क व आसपासच्या क्लबांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान डॉक्टर ॲडम्स यांस देण्यात आले व नियमांचे कामही त्यांच्याच पुढारीपणाखाली झाले. अंकगणितकाराच्या या मुलाने पावलांची कटकट कायमची मिटविली आणि एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत तीस वार, म्हणजे नव्वद फूट, हे अंतर ठरवून टाकले. त्यानंतर खेळाडूंची धाव वाढली, चेंडू बदलला, बॅटी बदलल्या. हे अंतर तसेच राहिले आहे. जमिनीवरून गेलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला, तर चेंडू व धावणारा गडी दोघेही जवळजवळ एकाच क्षणी तेथे पोचतात. एक-दोन पावलांनी गडी वाचतो किंवा बाद होतो, आणि सगळी चुरस त्या एक-दोन पावलांत असते.

नऊ या आकड्याची लढाई अधिक कठीण होती, कारण ती घरातच लढावी लागली. सरावाच्या दिवशी सभासद थोडे जमले तर बाहेरच्या गड्यांस खेळू द्यावे की नाही, यावरून निकरबॉकर क्लबात दोन तट पडले. जुन्या मताच्या मंडळींस परका मनुष्य नको होता. सात-सात गडी जमले तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे. बाजूस नऊ गडी असलेच पाहिजेत, मग त्यासाठी बाहेरचा मनुष्य घ्यावा लागला तरी चालेल, हे डॉक्टरांचे व त्यांचे स्नेही लुई वॉड्सवर्थ यांचे मत. क्लबात सातांची सरशी झाली आणि सामन्याचे डावही सातच असावेत, असे क्लबातर्फे सुचविण्याचे ठरले. परंतु परिषदेत वॉड्सवर्थ यांनी नऊ डावांची सूचना पुढे आणली व ती मान्य झाली. एकवीस धावांची जुनी मर्यादा गेली. नऊ डाव आले, आणि बाजूस नऊ गडी हीच रीत कायम झाली. ज्या मनुष्याने रिकामे मैदान पाहिले होते, त्याने खेळाचे दार बाहेरच्यांस उघडे ठेवावे असे म्हणावे, हे आम्हांस अगदी स्वाभाविक वाटते.

एका बाबतीत मात्र डॉक्टरांस हार खावी लागली. त्या काळी टोलविलेला चेंडू जमिनीवर एकदा आपटून उसळल्यावर झेलला तरी गडी बाद धरीत. आमची मुले गल्लीत याला एक टप्पा बाद म्हणतात! तरण्याताठ्या पुरुषांस हा पोरखेळ शोभत नाही, चेंडू वरच्यावर झेलला तरच गडी बाद धरावा, असा डॉक्टरांचा आग्रह होता. वर्षानुवर्षे त्यांनी ही सूचना मांडली व वर्षानुवर्षे ती नामंजूर झाली. झेल घेताना हातमोजे नसत, बोटे मोडत, आणि एक टप्प्याची सवलत पुष्कळांस प्रिय होती. अखेर १८६४ च्या डिसेंबरात ही सुधारणा मान्य झाली. पण तोवर डॉक्टर क्लब सोडून गेले होते.

क्लब सोडण्याचे कारण वाद नव्हे, संसार. १८६१ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी कॉर्नेलिया कुक या बाईंशी विवाह केला. इतकी वर्षे ज्या मनुष्याची संध्याकाळ होबोकनला गेली, त्याची संध्याकाळ आता घरी जाऊ लागली. १८६२ च्या मार्च महिन्यात त्यांनी क्लबाचा राजीनामा दिला. सभासदांनी त्यांस सन्माननीय सभासद केले व एका मानपत्रात त्यांचा उल्लेख खेळाडूंमधील नेस्टर असा केला. नेस्टर हा ग्रीक पुराणातील वयोवृद्ध व ज्ञानवृद्ध योद्धा. आमच्याकडे अशा वेळी आम्ही भीष्माचार्य म्हटले असते. अशी मानपत्रे पुष्कळ वाटली जातात व पुष्कळ विसरली जातात. हे विसरले गेले नाही, कारण ते घरात जपले गेले.

१८६५ साली डॉक्टरांनी वैद्यकी थांबविली व ते कनेक्टिकट संस्थानातील रिजफील्ड या लहान गावी कुटुंबासह राहावयास गेले. गावास लवकरच त्यांचा उपयोग कळला. १८७० साली ते संस्थानाच्या कायदेमंडळावर निवडून गेले. १८७१ साली गावात सेव्हिंग्ज बँक निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. चेंडूच्या वजनाचा हिशेब ठेवणारा मनुष्य शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या ठेवींचा हिशेब ठेवण्यास योग्यच होता. मुलेबाळे झाली. उशिरा लग्न झालेल्या पित्यास मुलांचा सहवास थोडा मिळतो अशी समजूत आहे. पण डॉक्टरांस देवाने दीर्घायुष्य दिले आणि त्यांचे पुत्र रॉजर यांनी पुढे पित्याच्या आठवणी लिहून ठेवल्या. आज आम्हांस डॉक्टरांविषयी जे ठाऊक आहे त्यातील बराच भाग अशा घरगुती कागदांमुळेच ठाऊक आहे.

खेळाने मात्र या अवधीत निराळे वळण घेतले होते. १८६९ साली सिनसिनाटी येथील संघाने उघडपणे सर्व गड्यांस पगार देऊन खेळविले आणि बेसबॉल हा धंदा झाला. डॉक्टर त्या वाटेला गेले नाहीत. १८७५ च्या सप्टेंबरात जुन्या गड्यांच्या एका स्मरण-सामन्यात वयाच्या साठाव्या वर्षी ते पुन्हा मैदानात उतरले. १८८८ साली हे कुटुंब न्यू हेवन या गावी राहावयास गेले. जेथे डॉक्टर स्वतः शिकले ते येल विद्यापीठ तेथेच आहे. खेळाच्या बातम्यांस वाहिलेल्या एका साप्ताहिकाने १८९६ साली तेथे त्यांची गाठ घेतली व त्यांच्या आठवणी छापल्या. चेंडूची, बॅटींची, होबोकनच्या रिकाम्या मैदानाची जी हकीगत आम्ही वर दिली आहे, ती बहुतेक त्याच आठवणींतली. आपण केवळ व्यायामासाठी व मौजेसाठी खेळत होतो, आणि हल्लीच्या बड्या सामन्यांतील गड्यांपेक्षा आपणांस त्यातून अधिक निर्भेळ आनंद मिळाला, असे एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाचे सांगणे होते. त्या लेखाच्या मथळ्यात साप्ताहिकाने त्यांस बेसबॉलचे जनक म्हटले होते. १८९९ सालच्या जानेवारीच्या ३ तारखेस, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, डॉक्टर ॲडम्स न्यू हेवन येथे देवाघरी गेले.

यानंतर जे घडले ते मोठे चमत्कारिक आहे. बेसबॉलचा उगम कोठे झाला हे ठरविण्यासाठी १९०५ साली एक कमिशन नेमण्यात आले. बालपणीची आठवण म्हणून एका वृद्ध गृहस्थाने कळविले की, १८३९ च्या सुमारास कूपर्सटाउन गावी ॲबनर डबलडे यांनी हा खेळ शोधून काढला. डबलडे हे पुढे यादवी युद्धात नावाजलेले सेनापती. ते १८३९ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते, त्यांनी स्वतः या शोधाविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि सांगणाऱ्याचे वय त्या वेळी अवघे पाच वर्षांचे होते. तरी कमिशनने ती कथा उचलून धरली! राष्ट्रीय खेळास योद्ध्याचा हात लागलेला असावा, असे लोकांस वाटत असावे. अकरा-बारा वर्षांपूर्वी ज्यांस छापील मथळ्यात जनक म्हटले होते, त्यांचे नाव १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात कोठेच आले नाही. पुढे कूपर्सटाउनलाच बेसबॉलच्या थोर पुरुषांचे स्मारकमंदिर उभारले गेले व १९३८ साली कार्टराइट यांचा त्यात समावेश झाला. त्यांच्या नावाच्या धातूच्या पाटीवर नव्वद फूट, नऊ डाव आणि नऊ गडी हे तिन्ही आकडे त्यांच्या खाती मांडलेले आहेत. ज्या वर्षी हे आकडे ठरले, त्या वर्षी कार्टराइट होनोलुलूला होते.

इतिहाससंशोधकांनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात जुनी दप्तरे चाळली, तेव्हा डॉक्टरांचे नाव पुन्हा वर आले. त्यांच्या एका पणतीने तर आपल्या पणजोबांस न्याय मिळावा म्हणून अनेक वर्षे अथक खटपट केली. ती २०२१ साली वारली. २०१५ च्या डिसेंबरात स्मारकमंदिराच्या समितीपुढे डॉक्टरांचे नाव आले. सोळांपैकी बारा मते हवी होती, दहा पडली. त्यानंतर चारच महिन्यांनी, २०१६ च्या एप्रिलात, १८५७ च्या परिषदेसाठी तयार केलेला नियमांचा हस्तलिखित मसुदा लिलावात निघाला. त्यात डॉक्टरांच्या हातचे लेखन आहे. तो बत्तीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकला गेला. तीन-चार औंस रबर व घोड्याचे कातडे यांवर स्वतःच्या खिशातून पैसे घालणाऱ्या डॉक्टरांनी हा आकडा ऐकला असता, तर तो त्यांनी एकदा ताडून पाहिला असता, असे आम्हांस वाटते.

होबोकनचे मैदान आता राहिलेले नाही. तेथे रस्ते झाले, इमारती उठल्या. अकरावा रस्ता व वॉशिंग्टन रस्ता जेथे एकमेकांस मिळतात त्या चौकात १८४६ च्या सामन्याची आठवण म्हणून एक स्मारक आहे. डॉक्टरांच्या पक्षाने जो सामना तेवीस विरुद्ध एक असा गमावला, तोच हा सामना.